शेजारणीच्या कार्डावरचं ऑपरेशन

ती घटना विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. पोलीस खात्यातून माझ्या निवृत्तीला सहा महिने उरले होते. सकाळी ठाणे अंमलदाराने एका निनावी फोनची नोंद माझ्यापुढे ठेवली. परळच्या एका रुग्णालयात सरकारी आरोग्य योजनेतून उद्या एका बाईचं हृदयाचं ऑपरेशन आहे, पण कार्ड तिचं नाही.

दलालांची टोळी असणार, असं मी धरूनच चाललो. अशा लोकांचा मला भयंकर राग. महिला हवालदाराला घेऊन तडक वॉर्ड गाठला.

बाई साठीची, बोलताना धाप लागत होती. बोटांचे ठसे झिजलेले, म्हणून यंत्राने घेतले नव्हते आणि कार्डावरचा फोटो जुना होता, त्यामुळे रुग्णालयात कुणाला शंका आली नव्हती. नाव, मुलं, घोडपदेवच्या चाळीतला खोली नंबर, तिने सगळं कोकणी हेलात, न अडखळता सांगितलं. मी सहज विचारलं, "मिस्टरांचं नाव?" तेही तिने खाडकन सांगितलं.

तिथेच ती सापडली. माझी आई कोकणातली. रेशनच्या रांगेतसुद्धा तिने वडिलांचं नाव कधी उच्चारलं नाही, कारकून कितीही वैतागला तरी. या वयाची कोकणातली बाई ज्याचं नाव इतक्या सहज घेते, तो तिचा नवरा नव्हे.

"आता खऱ्या मालकांचं नाव सांगा," मी म्हणालो.

तिने डोक्यावर पदर ओढला. "तेंचा नाव मी कसा घेव, सायबानू?" आणि आपण काय बोलून बसलो हे कळताच ती रडू लागली.

स्टुलावर बसलेली तिची शेजारीण पुढे आली. "साहेब, तिला काय बोलू नका. कार्ड मी दिलं. तिचं नाव गावच्या रेशनकार्डात, इथे कोण विचारणार? डॉक्टर बोलले, थांबू नका. मग काय करायचं?"

टोळी कसली नि काय! मला माझीच लाज वाटली. पण सोडून देणंही शक्य नव्हतं. नाव एकीचं आणि शरीर दुसरीचं, हे कळताच डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशीचं ऑपरेशन रद्द केलं. बाई माझ्याकडे बघत राहिली. ती नजर मला सहन झाली नाही.

योजनेच्या काउंटरवरची मुलगी तेवढ्यात म्हणाली, "गावचं रेशनकार्ड केशरी आहे ना? मग ते इथेही चालतं, काका. योजना अख्ख्या राज्याची आहे." हे त्या दोघींना कुणी सांगितलंच नव्हतं, आणि त्यांनीही विचारलं नव्हतं.

मी तिच्या गावच्या पोलीस ठाण्याला फोन लावला. तिथला हवालदार स्वतः तिच्या दिराच्या घरी गेला आणि कार्ड मुंबईच्या बसने पाठवलं. चार दिवस उशिरा, पण स्वतःच्या नावावर तिचं ऑपरेशन झालं. शेजारणीच्या कार्डावर शासनाचे पैसे अजून निघाले नव्हते, म्हणजे नुकसान कुणाचंच झालं नव्हतं. मी जसं घडलं तसा अहवाल दिला, रुग्णालयाने दोघींना लेखी समज दिली आणि प्रकरण मिटलं.

निनावी फोन शेजारणीच्या नवऱ्याचा होता. ठाण्यात येऊन त्यानेच कबूल केलं. "टेबलावर काय बरं-वाईट झालं असतं, तर कागदावर माझी बायको मेली असती, साहेब!"

संशय घ्यायला खात्याने मला शिकवलं. माणूस खोटं बोलतो तेव्हा त्याला कशाची भीती वाटते ते आधी विचारावं, हे त्या बाईने शिकवलं. पुढे तीन महिन्यांनी तिच्या तब्येतीची चौकशी करायला घोडपदेवला गेलो, तर ती मला घ्यायला खाली आली होती. तीन मजले ती माझ्यापुढे चढत होती, न थांबता. धाप मला लागली होती. इतक्या वर्षांच्या नोकरीत देवाचे आभार मानावेत असं मला पहिल्यांदाच त्या जिन्यावर वाटलं, आणि मी ते मानले.