नातेवाइकांची रांग

स्मरणसभेला पांढरं नेसायचं हे आमच्याकडे कुणी शिकवत नाही. हात आपोआप पांढऱ्या साडीकडे जातो. त्यामुळे ऑकलंडपासून बरंच उत्तरेला, समुद्राकाठच्या एका गावात, काळ्या कोटांच्या गर्दीत मी एकटीच पांढरी होते.

मला कुणी बोलावलं नव्हतं. ऑकलंडमधल्या आमच्या माउंट रॉस्किलच्या लायब्ररीत पत्रक दिसलं होतं. अडीचशे वर्षांपूर्वी इथे आलेल्या एका फ्रेंच जहाजावरचे जे परत गेले नाहीत, त्यांना आदरांजली. जहाज पाँडिचेरीहून निघालेलं, म्हणजे त्यावर आपलेही खलाशी होते. मुलगा म्हणाला, "आई, दॅट्स हीप्स ऑफ ड्रायव्हिंग फॉर अ स्पीच." त्याचं बरोबर होतं. पण मी काम करते त्या फार्मसीला सुट्टी होती, आणि घरी बसले असते तर वहिनीचा फोन आला असता.

वहिनी नागपूरला असते. माझा दादा मालवाहू जहाजावर इंजिनिअर होता. नऊ वर्षांपूर्वी ते जहाज बुडालं आणि तो सापडला नाही. आई असेपर्यंत त्याच्या पुण्यानुमोदनाच्या सभेचा विषय कुणी काढला नाही. "देह बघितल्याशिवाय मी त्याला गेला म्हणणार नाही," असं ती म्हणायची. आई गेली आणि वारशात मला तिचा हट्ट मिळाला. गेल्या आठवड्यात वहिनी म्हणाली, "ताई, विहारातले भन्तेजी पुढच्या रविवारी मोकळे आहेत. सगळं मी बघते. तुम्ही फक्त हो म्हणा."

मी म्हणाले, "बघू."

सभा अगदी आपल्याकडच्यासारखी होती. माइक खरखरत होता, प्रमुख पाहुणे उशिरा आले आणि दोनच शब्द बोलतो म्हणणारा प्रत्येकजण पुढे बोलतच राहिला. पहिल्या रांगेवर पाटी होती, 'नातेवाइकांसाठी राखीव'. आठ खुर्च्या, त्यांत एकच माओरी म्हातारी. एका स्वयंसेवकानं माझी पांढरी साडी पाहिली, मनाशी काहीतरी ठरवलं आणि मला नेऊन तिच्या शेजारी बसवलं. मी नाही म्हणायच्या आत एक फ्रेंच अधिकारी समोर येऊन कमरेत वाकला. अडीचशे वर्षांचं सांत्वन मी मान हलवून स्वीकारलं.

"किया ओरा," म्हातारी म्हणाली. "तुझं कोण होतं?"

"भाऊ." मग घाईघाईनं, "या जहाजावर नव्हे. दुसऱ्या."

"चालतंय. खुर्च्या पुष्कळ आहेत."

माइकवर कप्तानाच्या धैर्याचं वर्णन चाललं होतं. म्हातारी माझ्याकडे झुकली. "या धैर्यवान माणसानं आमचा सरदार पकडून नेला. तो वाटेत जहाजावरच मेला. पुढे कप्तानही बुडाला." हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलली. "पण इथल्या लोकांना काय माहीत? ते समुद्राकडे बघत बसले असतील. वाट बघणाऱ्याला धड रडताही येत नाही गं."

"मग रडलं कोण?"

"मी. दरवर्षी रडते. आज या साहेबांनी जरा लांबवलंय."

नावं वाचली गेली. कप्तानाचं त्याच्या सगळ्या पदव्यांसह, मग अधिकाऱ्यांची. सगळ्यात शेवटी 'आणि हिंदी खलाशी', एवढंच. फ्रेंच अधिकाऱ्यानं पुष्पचक्र ठेवलं, फोटो निघाले. आणि म्हातारी उठून उभी राहिली आणि मोठ्यानं रडायला लागली. संकोच नाही, पदर नाही, काही नाही. साहेब हातातला कागद पुन्हा वाचू लागले. मी आठ खुर्च्यांच्या त्या रांगेत बसून राहिले. मला तिचा हेवा वाटला.

चहाला न थांबता गाडीत येऊन बसले. नागपुरात सकाळ झाली होती.

"वहिनी, रविवारी करा."

"हो म्हणताय ना, ताई? की परत बघू?"

"हो म्हणतेय."

ती म्हणाली, "फोटो कोणता लावू? युनिफॉर्मातला?"

"नको. त्यात तो उगाच साहेब दिसतो. बनियनवर आंबा खातानाचा आहे ना, तो लावा."

"अहो, तो कसा लावायचा सभेत! भन्तेजी काय म्हणतील? हनुवटीपर्यंत रस ओघळलाय त्यांच्या!"

ती हसायला लागली आणि हसता हसताच तिचा आवाज फिरला. मग माझाही. बाजूनं काळ्या कोटांची माणसं आपापल्या गाड्यांकडे जात होती. आम्ही दोघींनीही बराच वेळ फोन ठेवला नाही.