लिहून देणार, लिहून घेणार

शहाद्याला कचेरीसमोर टेबल टाकून मी दस्त लिहितो. टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला, पण मजकूर पणजोबांच्या काळातलाच: 'कारणे लिहून देते ऐसा जे.' हे 'ऐसा जे' म्हणजे काय, असं एका नव्या वकिलाने विचारलं होतं. मी म्हणालो, साहेब, काढून बघा, पक्षकाराला दस्त खोटा वाटेल.

आमचा खरा हंगाम आखाजीचा. इकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झोके घेतात, आमरस खातात, आणि परत जायच्या आधी भाऊ त्यांना माझ्या टेबलावर आणतो. हक्कसोडपत्र. बापाच्या जमिनीतला वाटा बहीण सोडून देते. दस्तात ती 'लिहून देणार' आणि भाऊ 'लिहून घेणार'. हे उलट झालेलं मी अजून पाहिलेलं नाही. देते तीही 'राजीखुशीने, अक्कलहुशारीने, नशापाणी न करता, कोणाच्याही दडपणाखाली न येता'. जन्मात चहापलीकडे काही न घेतलेल्या बाया नशापाणी न करता सही करायच्या. लिहून घेणाऱ्याच्या तोंडाचा वास मात्र माझ्यापर्यंत यायचा. मला त्याचं हसू यायचं, बाकी काही नाही.

मग आमचे वडील गेले. कळसाडीच्या केळीच्या शेताला वारस दोघंच, मी आणि माझी थोरली बहीण. त्या आखाजीला तिला घरी आणलं. घरचाच धंदा, नमुना उघडून फक्त नावं बदलली आणि जेवण झाल्यावर कागद तिच्यापुढे ठेवला.

"काय शे हाई?"

"काही नही ताई, तुन्ही सही लागस."

"वाची दखाड."

मी घडाघडा वाचलं. कचेरीतही असंच वाचतो, ऐकणाऱ्याने मध्ये काही विचारू नये म्हणून.

"आते आपली बोलीमा सांग," ती म्हणाली.

इथे माझी गाडी अडली. इतके दस्त लिहिले, पण एकही कधी अहिराणीत सांगितला नव्हता. "म्हंजे... तू तुन्हा वाटा माले फुकट दी ऱ्हायनी. परत कधी मांगनार नही. तू काही पेयेल नही. आनि तुले कोनंच दडपन नही." कागदावर रुबाबात बसलेले शब्द घरच्या बोलीत उघडेनागडे उभे राहिले. मला लाज वाटली. तरी पेन पुढे केलाच.

तिने तो घेतला. "सही नही करी, ते पुढली आखाजीले माले लेवाले येशी ना?"

स्वयंपाकघरात भांडी घासणाऱ्या बायकोचा हात थांबला. 'येसू', न्यायला येईन, एवढं म्हणायला काय लागत होतं? मी पेनाच्या टोपणाशी खेळत बसलो.

तिने कागद माझ्याकडे सरकवला. "मंग दडपन कोनं शे, तेबी लिखी दे. सही करी देस मी."

तसा मजकूर माझ्या नमुन्यात नव्हता. घालायचा तर 'लिहून घेणार' याचंच नाव घालावं लागलं असतं. कागद कपाटात गेला. सातबाऱ्यावर तिचं नाव अजून आहे, थोरली म्हणून माझ्या वर.

आता टेबलावर कुणाची बहीण आली की मी दस्त आधी अहिराणीत सांगतो. भाऊ लोक शहाणे असतात, ते शेजारच्या टेबलावर जातात.

पुढच्या आखाजीला मी तिच्या दारात उभा राहिलो. ती ओट्यावर बसली होती. आधी तिने माझ्या हाताकडे पाहिलं, मग खिशाकडे.

"कागद लयना का?"

"नही."

"मंग चाल," म्हणाली आणि पिशवी घेऊन उठली. दाजी गाडीपर्यंत पोचवायला आले, तेव्हा हळूच म्हणाले की ती पिशवी तीन दिवसांपासून भरलेली होती.