धारवाडच्या गाडीचा चेसिस नंबर

मंडळी, परराज्यातली गाडी इथे नोंदवायची असेल तर तपासणीआधी तिला खालून रंग मारू नका. आज मी हे शिकले.

तिचा नवरा गेल्यावर माझी धाकटी बहीण मालू धारवाडहून स्वतःची गाडी चालवत लोणावळ्याला माझ्याकडे आली. "थोडे दिवस," म्हणाली. गाडीला इथला नंबर घे, असा तगादा मी लावला. ती टाळायची. आज कशीबशी तयार झाली.

आरटीओच्या मैदानात निरीक्षकांनी वाकून पाहिलं तर गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला चेसिस नंबर गायब! कुसगावच्या आमच्या गॅरेजवाल्याने त्यावर जाड काळा रंग फासला होता. मी फोनवर त्याला झापलं.

"मावशी, हितल्या धुक्यात गाडी लय गंजती, म्हनून मारला. थिनर लावा, निघंल."

"नंबर दिसला नाही तर गाडी पास होणार नाही," निरीक्षक म्हणाले.

मग जवळच्या दुकानातून थिनर आणून आम्ही दोघी बहिणी जमिनीवर बसून रंग पुसू लागलो. आभाळ खाली उतरलं होतं. काळ्यातून एकेक आकडा हळूहळू वर येत होता, तळ्याच्या तळाशी काहीतरी चमकावं तसा.

निरीक्षकांनी आकडे जुळवले आणि सहज विचारलं, "गाडी आता इथंच राहणार ना?"

मालू माझ्याकडे न बघता म्हणाली, "हो. इथंच."

मी उगाच हात पुसत राहिले. इतक्या साध्या प्रश्नाला एवढं मोठं उत्तर तुमच्या घरी कुणी कधी दिलंय का?