जंतू पाळणारे आप्पा

आप्पा सशांना जंतू खाऊ घालत. खडवलीत हे कळल्यावर लोकांनी त्यांचं नाव जंतूआप्पा ठेवलं आणि आप्पांनी ते हसत लावून घेतलं. नौपाड्यातला हा माणूस औषधांच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाला आणि खडवलीला सशांचे पिंजरे मांडून बसला. मी कामाला होतो त्या कारखान्याला टाळं लागलं, तेव्हा त्यांनी मला भागीदार करून घेतलं. माणसांची पारख त्यांना मुळीच नव्हती.

सकाळी चहाच्याही आधी ते पिंजऱ्यांखाली वाकून लेंड्या बघत. गोल, कोरड्या दिसल्या की स्वारी खूश. आईचं दूध तुटलं की पिल्लं हगवणीने पटापट मरायची. म्हणून आप्पा आठवडाभर आधीपासून त्यांच्या भरड्यात एक पांढरी पावडर कालवत. तिच्यात पोटाला चांगले असे जिवंत जंतू असत. "औषध नाही हं हे," ते बजावत. "नळावर आपला हंडा आधी लावून ठेवायचा, म्हणजे भलता कोणी घुसत नाही. एवढंच." गरम पाण्याने जंतू मरतील म्हणून ते भरड्यात ओतायचं पाणी आधी मनगटावर थेंब टाकून बघत, तान्ह्या बाळाचं दूध बघावं तसं. मी यथेच्छ चेष्टा करायचो. पण पिल्लं जगू लागली. आप्पांच्या शब्दावर आजूबाजूच्या चार जणांनी ससे पाळले.

एकच गोष्ट त्यांनी मला दहादा सांगितली होती. कोंबड्यांचं जंतुनाशक औषध सशाला पाजायचं नाही. त्याच्या पोटातले चांगले जंतू मरतात आणि मागोमाग ससाही.

एका मे महिन्यात ते मुलीच्या बाळंतपणासाठी वर्तकनगरला गेले. दुसऱ्याच दिवशी दोन पिल्लांना हगवण लागली. माझा धीर सुटला. म्हाताऱ्याचा हट्ट गेला खड्ड्यात, म्हणत मी शेजारच्या पोल्ट्रीतून औषध आणलं आणि सगळ्या पिंजऱ्यांच्या पाण्यात घातलं. आधी आया गेल्या, मग पिंजऱ्यांची अख्खी रांग.

आप्पा परतले. एक मेलेला ससा कापून त्यांनी फुगलेलं आतडं पाहिलं आणि मला विचारलं, "कोंबड्यांचं औषध नाही ना पाजलंस?"

"छे हो आप्पा! फक्त तुमची पावडर."

घाबरून बोललो असं म्हणायला मला आवडेल. खरं तर मला त्यांच्यासमोर मूर्ख ठरायचं नव्हतं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. दोष पावडरीचाच धरून, ससे पाळणाऱ्या त्या चौघांच्या घरी जाऊन ती बंद करा म्हणून स्वतः हात जोडले. "आप्पा, नशीब समजा, नायतर तुमच्या जंतूंनी आमचे पण ससे खाल्ले असते!" एक जण म्हणाला आणि पावडरीचा डबा त्यांच्यादेखत उकिरड्यावर ओतला. मी शेजारी उभा होतो. त्या वर्षी पिंजरे भंगारात गेले.

पुढे आप्पा अंथरुणाला खिळले. नौपाड्याच्या घरी गेलो की वरणभाताची चौकशी व्हावी तसा त्यांचा प्रश्न ठरलेला असे, "पावडरीत काय बिघडलं असेल रे?" मी विषय बदलायचो. शेवटच्या भेटीत त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "तू तिथे होतास. तुला काय वाटतं ते सांग. माझं चुकलं तरी चालेल, पण कळायला हवं."

खरं बोलायला एवढी सोपी वेळ मला परत मिळणार नव्हती. मी म्हणालो, "उन्हाने खराब झाली असेल, आप्पा."

त्यांचा चेहरा निवळला. उशाखालची वही काढून त्यांनी लिहिलं, "उष्णतेमुळे." खाली तारीख घातली. त्याखाली, प्रत्यक्ष पाहणारा म्हणून, माझं नाव लिहिलं.