बर्फावरच्या बुटांची तडजोड

माझ्या मुलीच्या डाव्या आणि उजव्या पायांत मी एकदा समेट घडवून आणला. त्या दोघांचे भांडण नव्हते, हे मला मागाहून कळले.

मी नागपूरला कचेरीसमोर बसून लोकांचे अर्ज लिहितो. शिक्षण नववी उत्तीर्ण (दहावीचा निकाल अन्यायकारक होता!). परंतु धुऱ्याचे (म्हणजे शेताच्या बांधाचे) भांडण असो वा भावकीचे, दोन्ही पक्षांचे ऐकून मधला मार्ग काढावा तर तो मीच, असा माझा लौकिक आहे. निदान माझ्या टेबलापुरता तरी आहे.

माझी कन्या प्रज्ञा सक्करदऱ्याच्या रस्त्यांवर चाकांचे स्केट्स चालवता चालवता आइस हॉकीकडे वळली. नागपुरात बर्फ केवळ उसाच्या रसात मिळतो, म्हणून राज्याच्या संघाची निवड दिल्लीकडच्या एका मॉलमधल्या बर्फाच्या मैदानावर होती. जागा एकच उरली होती, आणि प्रज्ञाच्या वयोगटाचे ते शेवटचे वर्ष होते. सबब मी, माझी पत्नी आणि उमरेडचा मेहुणा विलास (एसटीचा ड्रायव्हर) असे सहकुटुंब तेथे दाखल झालो.

निवडीच्या सामन्याच्या सकाळी प्रज्ञा अंग मोकळे करायला बाहेर धावायला जाताना बर्फावरचे बूट माझ्या स्वाधीन करून म्हणाली, "बाबा, पात्यांले धार लावून आना. बाक किती ठेवाचा, ते सरांले विचारजा."

बुटाखालचे पाते दिसते सरळ, पण त्याला पाळण्याच्या पायासारखा किंचित बाक असतो. बाक जास्त ठेवला, तर खेळाडू झटकन वळतो, पण डगमगतो. कमी ठेवला, तर सरळ आणि स्थिर धावतो, पण वळताना जड जातो. एवढे धार लावणाऱ्या मशीनवाल्याने समजावले. आता एवढ्याशा बाबीसाठी सरांना, म्हणजे तिच्या प्रशिक्षकांना, तसदी कशाला द्यायची? मी तेथेच सुनावणी घेतली.

"गाडी वळली पायजे, भाऊजी!" विलास म्हणाला. "वळत नाही ते गाडी कोन्या कामाची?"

"तू चूप बस गा!" पत्नी कडाडली. "पोरगी उभी राह्यली पायजे. दात पडले तं तू लावून देशीन?"

"ताई, हे हॉकी हाय. पोरीले पाह्यले पाव्हने नाही येऊन राह्यले!"

दोन्ही बाजूंत तथ्य होते. मी घसा साफ करून निकाल दिला: डाव्या बुटाला आईच्या म्हणण्याप्रमाणे कमी बाक, उजव्याला मामाच्या म्हणण्याप्रमाणे जास्त!

मशीनवाल्याने दोन्ही बूट शेजारी शेजारी धरले. "अंकल, दोनों पैर एक ही बच्ची के हैं ना?"

"एकाच मायबापाची लेक हाय," मी बाणेदारपणे उत्तरलो.

सामना सुरू झाला. प्रज्ञा सरळ निघाली ती डावीकडे गेली. पुन्हा सरळ निघाली, पुन्हा डावीकडे! तिसऱ्या वेळी ती मैदानाभोवतीच्या काचेवर आमच्या तोंडासमोरच येऊन आदळली.

"भाऊजी," विलास पुटपुटला, "स्टेअरिंग एका बाजूनं ओढून राह्यलं."

सरांनी तिला बाहेर बोलावून पाती पाहिली आणि ते गरजले, "हे कोणी केलं?"

मी उभा राहिलो. (बसून उत्तर देण्याची मला सवय नाही.) "उभय पक्षांचे समाधान होईल अशा रीतीने..."

"बाबा!" प्रज्ञाच्या डोळ्यांत पाणी होते. "पाय माहे हायेत! मले कोनी विचारलं? मी पक्ष नाही का?"

इतक्या वर्षांत माझ्या निकालावर असा बिनतोड आक्षेप कोणी घेतला नव्हता. मी खाली बसलो.

पाती पुन्हा सारखी करावी, तर मशीनवाला जेवायला निघून गेला होता. बरोबरी होती, वेळ संपत आला होता. प्रज्ञाने डोळे पुसले आणि ती दात खाऊन म्हणाली, "सर, जाऊ द्या मले. डावीकडं ओढते नं? ओढू द्या."

ती चकती (या खेळात चेंडूऐवजी ती असते) काठीने हाकत सुसाट निघाली. समोरच्या दोघी आडव्या आल्या. गोलरक्षक मुलगी तिच्यासमोर ठाण मांडून बसली. आणि ऐन क्षणी, जिथून कोणताही शहाणा खेळाडू वळणार नाही तिथून, आमची पोरगी गर्रकन डावीकडे फिरली! आडव्या आलेल्या दोघी एकमेकींवर कोसळल्या. प्रज्ञा जाळीला मागून वळसा घालून पलीकडून प्रकटली, आणि गोलरक्षक अजून पहिल्याच दिशेला पाहत असताना चकती आत!

"अवो, माही वाघीन!" पत्नीने विलासला मिठी मारली. विलासने अनोळखी सरदारजींना मारली. मी काचेवर कपाळ आपटून घेतले, ते आनंदानेच.

यादीतली शेवटची जागा प्रज्ञाला मिळाली. ती धावत आली, मला बिलगली आणि कानात म्हणाली, "बाबा, आता माह्या बुटाले हात नोका लावजा."

मागोमाग सर आले. माझा हात हातात घेऊन गंभीरपणे म्हणाले, "काका, राष्ट्रीय स्पर्धेला तुम्ही यायलाच हवं. आपल्या संघासाठी तुमच्याइतकं मोलाचं काम दुसरं कोणी करू शकणार नाही."

माझी छाती फुगली. "आज्ञा करा!"

"समोरच्या टीमच्या बुटांची धार तुम्ही बघायची."

अशी सन्मानाची नेमणूक आमच्या घराण्यात पहिलीच. मी जागच्या जागी होकार दिला.