कुडासमोरचा जबाब

त्या सकाळी मी खाकी पँट घातली. कपाटात हात घातला, पहिली लागली ती चढवली. पायात तपकिरी बूट, आणि हवालदाराच्या मापाची मिशी व पोट तर माझं जन्माचंच. डहाणूहून स्कूटरने तलासरीकडच्या पाड्यावर पोहोचलो, तोवर आपण कुणासारखे दिसतोय हे डोक्यात आलं नाही.

आणि माझं काम काय, तर नागरी हक्कांच्या खटल्यांत एका वकीलबाईंसाठी माणसांना भेटून खरं काय घडलं ते शोधणं. नातेवाईक मला ‘आमचा गुप्तहेर’ म्हणतात.

ज्याला भेटायचं होतं, तो घोलवडच्या एका चिकूवाडीतला मजूर. वाडीतली पाण्याची मोटर चोरीला गेली, संशयावरून पोलिसांनी याला उचललं आणि कोठडीत मारलं. मोटर पुढे भलतीकडेच सापडली. तक्रारीसाठी आता त्याचा जबाबच हवा होता, कारण अंगावरचे वळ पुसट झाले होते. “वळ गेले की काही झालंच नाही म्हणतात,” असं वकीलबाईंनी मला बजावून पाठवलं होतं.

अंगणात स्कूटर लावली तशी आजूबाजूची दारं लागली. त्याची बायको तेवढी उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

“नाय घरात तो. कामाला गेला.”

“ताई, मी वकीलबाईंकडून आलोय. फोन झाला होता ना आपला?”

तिने माझ्या पायांपासून मिशीपर्यंत पाहिलं. “मंग पोलिसाची पँट कशाला घातलीस, भाऊ?”

मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात आत काही हललं. ज्याला धरल्याशिवाय उठता येत नाही असं तिनेच फोनवर सांगितलं होतं, तो तिचा नवरा आपला आपण उठला होता. कुडाच्या भिंतीला दोन्ही तळहात टेकलेले, पाय फाकलेले, पाठ माझ्याकडे. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.

“अहो, बसा,” मी म्हटलं.

त्याने पाय आणखी फाकवले.

बायको त्याच्या कानाशी लागून सांगत राहिली, “आपला माणूस हाय, वकिलाचा.” तो वळला नाही. बोलला मात्र. कुणी मारलं, कशाने, मारताना काय विचारत होते, सगळं कुडालाच सांगितलं. मी खाली बसून लिहीत होतो. बोलून झाल्यावर तसंच उभं राहून त्याने विचारलं, “साहेब, आता जाऊ मी?”

स्वतःच्या घरात उभा राहून.

घरी आलो. बायकोला सगळं सांगितलं. एरवी माझ्या हकिगतीत तिखटमीठ किती, ते ती मधेमधे काढून दाखवते. त्या दिवशी तिने जबाबाचे कागद ओढून घेतले, नीट वाचले, मागची बाजूही उलटून पाहिली.

“अहो,” ती म्हणाली, “तो हे सगळं कुडाकडे तोंड करून बोलला, ते यात कुठे लिहिलंय?”