बारीक नाकाची गाडी

आखातात फुटबॉल वर्ल्ड कपचं स्टेडियम गार ठेवायला थंड पाण्याच्या पाइपलाइनचं काम चालू होतं. मी डिझाइनला होते आणि आमचे साहेब सत्तरीला टेकलेले इंग्रज इंजिनियर होते. तरुणपणी ते इंग्लंडमधल्या एका मोटार कारखान्यात होते. दोन माणसांनी लांबचा पल्ला वेगात, न थकता गाठावा अशी एक ग्रँड टूरर तिथे घडत होती आणि इंजिन थंड ठेवण्याच्या चाचण्या यांच्याकडे होत्या. पुढे म्हातारपणी त्यांनी तीच गाडी सेकंडहँड घेतली. अल दुहैलला आम्ही राहायचो त्या कंपाउंडमध्ये ती त्यांच्या दाराशी उभी असे.

बाबा महिनाभरासाठी पुण्याहून आले होते. ट्रकच्या कारखान्यात टेस्टिंगला त्यांचा जन्म गेलेला. हे कळल्यावर साहेबांनी शुक्रवारी आम्हाला समैस्माच्या समुद्रकिनाऱ्यावर फिरायला नेलं. मागची सीट नावापुरतीच, मी गुडघे छातीशी घेऊन बसले.

त्या वर्षांत डायव्हर्जन दर आठवड्याला जागा बदलायचं. एका ट्रेलरमागे आम्ही इंचाइंचाने सरकू लागलो आणि तापमानाचा काटा चढला. बाबा मघापासून त्याच्याकडेच बघत होते.

"साहेबांना सांग, हीटर लावा," ते म्हणाले. "इंजिनची उष्णता इकडे ओढली जाईल."

मी सांगितलं. साहेबांनी काचा खाली केल्या, हीटर पूर्ण सोडला. मार्चअखेरचं ऊन, त्यात पायांवर गरम झोत. पण काटा थबकला, मग हळूहळू उतरला.

किनाऱ्यावर पोचल्यावर दोघे बॉनेट उघडून वाकले. बाबा म्हणाले, "नाक फार बारीक आहे. हवा जायला वाव नाही."

मी भाषांतर केलं. साहेब सरळ उभे राहिले.

"हेच मी तेविसाव्या वर्षी म्हणालो होतो," ते म्हणाले. "दोन बोटं मोठं करा म्हणून. डिझायनर म्हणाले, तुझ्या रेडिएटरसाठी मी हिचा चेहरा बिघडवणार नाही. मग पहिले नमुने आम्ही स्पेनच्या घाटांत पळवले. काटा लाल रेघेला शिवला नाही. माझी सूचना खलास."

"आणि उन्हात, गर्दीत उभी करून बघितली?"

"नाही. अशी ती कोण उभी करणार, असं मलाच विचारलं."

बाबा हसले नाहीत. "नाक राहू द्या, सुरेख आहे," ते म्हणाले. "पंख्याभोवती कडं बसवू. आत्ता हवा बाजूने निसटतेय."

पुढचे दोन शुक्रवार दोघे पोर्चमध्ये होते. आधी पुठ्ठ्याचा साचा, मग ॲल्युमिनियमचा पत्रा. मी भाषांतराला जायचे, पण दुसऱ्या शुक्रवारी माझी गरजच उरली नाही. बोटं आणि पेन्सिल पुरत होती. शेवटी गाडी भर दुपारी पाऊण तास जागेवर चालू ठेवली. काटा मध्यावर राहिला.

साहेबांनी कड्याचं रीतसर ड्रॉइंग केलं आणि कोपऱ्यात बाबांचं नाव घातलं. सही करायला दिलं तर बाबांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि परत केलं. एक भोक सहा मिलिमीटर डावीकडे दाखवलं होतं. साहेबांनी ते खोडून नीट काढलं, तेव्हा सही झाली.

विमानतळावर जाताना बाबा म्हणाले, "नोकरीत सुधारणा पुष्कळ सुचवल्या गं. ड्रॉइंगवर नाव मात्र तिथल्या साहेबांचंच असायचं."

स्पर्धेच्या आधीच साहेबांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. गाडी जहाजाने इंग्लंडला गेली. तिकडच्या थंडीत कड्याची गरज नाही, तरी काढलेलं नाही, असं त्यांनी बाबांना पत्राने कळवलं. मी पुण्याला गेले तेव्हा बाबांनी ते इंग्रजी पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.